कढीलिंबामागचे दार

११ फेब्रुवारी १९९५, शनिवार, तंजावूर

फ्लॅश आला. रामस्वामीने मद्रासहून मागवून दिला. पावती मागितली तर स्टुडिओच्या काउंटरवर कोपर टेकून हसला. "सर, पूर्वी जपानी माल म्हटला की वर्तमानपत्रात गुंडाळून, इकडेतिकडे बघून द्यायचो. गिऱ्हाइकाचीही छाती फुगायची. आता सगळं उघड येतं, वर पावती. मजा गेली." (तो तमिळ बोलतो. मी इथे आपल्या भाषेत उतरवतो.)

मद्रासच्या एका प्रकाशन संस्थेला शाळांसाठी परसातल्या कीटकांच्या चाळीस स्लाइड हव्या आहेत, एप्रिलअखेर. इतकी वर्षे मी प्राणिशास्त्र शिकवले ते फळ्यावर खडूने सुरवंट काढून. माझ्याकडे खरा सुरवंट मागणारे हे पहिलेच. तो पडद्यावर म्हशीएवढा दिसायचा तर भिंग त्याच्या वीतभर जवळ न्यावे लागते. डोक्यापासून शेपटीपर्यंत स्पष्ट यायचा तर भिंगाचे छिद्र बारीक करावे लागते, आणि छिद्र बारीक केले की भर दिवसाही उजेड पुरत नाही. म्हणून फ्लॅश.

कामाक्षीने खोका हातात घेऊन पाहिला. "ह्याचा उजेड किती लांब पडेल?"

"मी जसा वापरणार तसा, फूटभर."

"एवढाच?"

"किड्याला पुष्कळ झाला."

तिने खोका खाली ठेवला आणि आत गेली. मागून वाटले, मी काही वेगळे सांगायला हवे होते. पण उत्तर तर बरोबर होते.

जुलैत आमची मुलगी हरिणी शिकायला मद्रासच्या वसतिगृहात गेली तेव्हापासून घरात बोलणे असे थोडके झाले आहे. पूर्वी आम्ही नवराबायको दोघेही तिच्याशी बोलत असू आणि त्यात एकमेकांशी बोलणे होऊन जात असे. ही वही मेजावर उघडी राहिली तरी बिघडत नाही. मला ही लिपी वडिलांनी पाटीवर शिकवली. कामाक्षी आणि हरिणी मराठी बोलतात, पण देवनागरी वाचत नाहीत. ही सोय आहे की माझा दोष, हे कधी कधी कळत नाही.

१९ फेब्रुवारी, रविवार

साधी कृष्णधवल फिल्म घालून आठवडाभर चाचण्या घेतल्या, कॉलेजच्या डार्करूममध्ये धुतल्या. प्रत्येक चित्राचा खालचा अर्धा भाग काळा. किडा इतका जवळ की कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवलेला फ्लॅश त्याच्या वरून निघून जातो, आणि भिंगाचीच सावली किड्यावर पडते. माझ्याच नळकांड्याची सावली! लोहाराकडून लोखंडी पट्टी वाकवून घेतली. आता फ्लॅश वायरीवर, भिंगाच्या तोंडाशी, बाजूने खाली बघतो आहे.

शिंदीच्या पानावरची गोगलगाय पूर्ण आली. फार आनंद झाला. सांगायला आत गेलो तर कामाक्षी झोपली होती, रविवारची दुपार. उठवले नाही.

२४ फेब्रुवारी, शुक्रवार

कामाक्षी बँकेतून आली आणि चप्पल काढता काढताच म्हणाली, "ऑफिसर केलं मला. मदुरैला."

मी अभिनंदन केले. मनापासून केले. मग विचारले, "कधी?"

"तीन एप्रिलला हजर व्हायचं. घेते की नको म्हणते, ते दहा मार्चपर्यंत कळवायचं. आमच्यांतल्या बायका बहुतेक नको म्हणतात." तांदूळ धुताना तिने पाठमोरीच विचारले, "काय करू?"

मी नीट विचार करून बोललो. "हे तुझं आहे, कामाक्षी. तूच ठरव. मी मध्ये येणार नाही."

"मध्ये या म्हटलं तर?"

"मग तो तुझा निर्णय राहणार नाही."

ती हसली. तिच्या मनावरचे ओझे उतरले असावे असे वाटले. तिच्या बँकेतल्या विशालाक्षीला नवऱ्याने बढती घेऊ दिली नव्हती, ते तिने मला कितीदा सांगितले आहे. मी तसा नाही, हे तिला कळायला हवे होते आणि कळले.

मी इथे खरे लिहितो. ती जाऊ नये असे मला वाटते. इतके वाटते की आज रसम सांडले. पण मला वाटते म्हणून तिने राहावे का? हे जर मी बोललो तर तिच्या तराजूत माझे वजन पडेल. म्हणून बोलायचे नाही.

२७ फेब्रुवारी, सोमवार

रामस्वामीने युक्ती सांगितली. "सर, किड्याला फ्रिजमध्ये दहा मिनिटं ठेवा. इडलीसारखा गप बसतो. मग हवा तसा काढा. मोठमोठे लोक तसंच करतात."

मी म्हटले, तो किड्याचा फोटो नव्हे, थंडीचा फोटो. पाहणाऱ्याने पाहिले जाणाऱ्याला हलवू नये, एवढे एकच तत्त्व मी विद्यार्थ्यांना दर वर्षी पहिल्या तासाला सांगतो.

"म्हणूनच तुमचे विद्यार्थी सगळे बँकेत जातात," रामस्वामी म्हणाला.

५ मार्च, रविवार

नवी अडचण. ढालकिड्याच्या पाठीवर फ्लॅशचा पांढरा चट्टा उमटतो. पाठ चकचकीत, आणि फ्लॅशचे तोंड काडेपेटीएवढे. त्यातून येणारा उजेड सुईसारखा असतो. मधे काही पांढरे, पातळ, उजेड पसरवणारे हवे. ट्रेसिंग पेपर लावून पाहिला, वेष्टीचा, म्हणजे धोतराचा, तुकडा लावून पाहिला. कागद वाऱ्याने फडफडतो, कापड उजेड खाते.

मग काचेच्या पेटीतल्या देवळाकडे लक्ष गेले. लग्नात कामाक्षीच्या मामांनी, सीतारामरावांनी, दिलेले नेट्टीचे मोठे देऊळ. नेट्टी म्हणजे तळ्यात उगवणाऱ्या झाडाचा पांढरा गर. इथले कारागीर तो कापून त्याची देवळे करतात. घर बदलताना त्याच्या प्राकाराची एक भिंत निखळली होती, ती पेटीतच आडवी पडून आहे. कागदासारखी पातळ, दुधाळ, ताठ.

विचारल्याशिवाय घेणे बरे नव्हे. "हा तुकडा घेऊ का? फ्लॅशपुढे लावायला?"

कामाक्षी कपड्यांच्या घड्या घालत होती. "घ्या. जोडायचं म्हणून ठेवला होता मी. पण जोडणारे तुम्ही नव्हताच."

"गोंद आणतो. एप्रिलनंतर परत लावतो."

"एप्रिलनंतर," ती म्हणाली. "सरि, बरं."

भिंत पट्टीला दोऱ्याने बांधली. आता उजेड लोण्यासारखा पडतो. ढालकिड्याच्या पाठीवरचे प्रत्येक खळगा दिसतो.

९ मार्च, गुरुवार

सकाळी डोसा वाढताना कामाक्षी म्हणाली, "उद्या सांगायचं आहे बँकेत."

"हो. लक्षात आहे माझ्या."

"काय लक्षात आहे?"

"तारीख."

तिने उलथने डोशाखाली घातले आणि बराच वेळ तसेच धरले. डोसा करपला. तो तिने स्वतःच्या ताटात घेतला.

दिवसभर जिभेच्या टोकाशी आले होते. वर्गात शिकवताना मधेच थांबलो. पण आता, शेवटच्या दिवशी बोलणे म्हणजे सर्वांत वाईट. पंधरा दिवस गप्प राहून ऐन वेळी तराजूवर बोट ठेवल्यासारखे.

१० मार्च, शुक्रवार

तिने होकार दिला. मी तिरुवैयारूला जाऊन अशोका हलवा आणला. तिला आवडतो. तिने चमचाभर खाल्ला, बाकीचा झाकून ठेवला.

१५ मार्च, बुधवार

रंगीत स्लाइडचा पहिला रोल मद्रासहून धुऊन आला. कॉलेजचा प्रोजेक्टर घरी आणला, हॉलच्या भिंतीवर चित्रे पाडली. कामाक्षीला बोलावले. ती पाट घेऊन बसली.

कोळ्याचे आठ डोळे, मुंगीच्या मिशा, गवतावरचा हिरवा टोळ. सारे धारदार. मी एकेक समजावून सांगत होतो. पाच-सहा चित्रे झाल्यावर तिने विचारले, "हे सगळं रात्रीचं का?"

"नाही. सकाळी आठ-नऊचं. मागे काळं दिसतं ते फ्लॅशमुळे. उजेड दुप्पट लांब गेला की चौथा हिस्सा उरतो. किड्याला भरपूर मिळतो, पण दहा फुटांवर पोचेपर्यंत काही राहात नाही. कॅमेऱ्याला मागचं सगळं अंधार वाटतं."

"म्हणजे मागे काही असलं तरी दिसायचं नाही."

"असलं तरी नाही."

"बिचारा कॅमेरा," ती म्हणाली आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून उठली. मी उरलेल्या स्लाइड एकट्यानेच पाहिल्या. चांगल्या आहेत. खरोखर चांगल्या आहेत.

१७ मार्च, शुक्रवार

प्रकाशकांचा कॉलेजच्या ऑफिसात फोन. चित्रे धारदार आहेत, पण सगळी रात्रीची. मुलांना वाटेल सगळे किडे रात्रीच बाहेर पडतात. निम्मी तरी पुन्हा काढा, दिवस दिसला पाहिजे.

कामाक्षीने जे विचारले तेच. तिला मी समजावून सांगितले होते. प्रकाशकांना मात्र "बरोबर आहे तुमचे" म्हणालो. हे काय केले मी?

१९ मार्च, रविवार

उपाय सापडला आणि तो फार साधा आहे. फ्लॅश एका क्षणात लखकन चमकतो आणि संपतो. किडा त्या क्षणात टिपला जातो. पण शटर त्यानंतरही उघडे ठेवायला कोणाची हरकत आहे? पाव सेकंद उघडे ठेवले तर मागचा दिवसाचा उजेड हळूहळू आत येतो. आधी फ्लॅश, मग वाट पाहणे. मी आजवर तो चमकला की शटर मिटून घेत होतो.

तिपाई लागते, वारा पडलेला लागतो आणि जागचा न हलणारा किडा लागतो. परसातल्या कढीलिंबावर लिंबाळी फुलपाखराचे सुरवंट आले आहेत, मोठे, हिरवे, गच्च धरून बसणारे. झाडामागे दहा फुटांवर स्वयंपाकघराचे मागले दार. सकाळी तिथे मऊ उजेड असतो. अंतर, दिशा, सर्व उत्तम.

चष्मा काढून गुडघ्यावर बसलो. सुरवंट व्ह्यूफाइंडरमध्ये स्पष्ट झाला तसे बाकी जग विरघळून गेले. पाच फ्रेम घेतल्या. उठलो तर शेजारच्या दगडावर कॉफी, वाटी पालथी घालून झाकलेली, निवलेली. कधी ठेवली कळलेच नाही. हाक मारायला काय झाले होते?

२१ मार्च, मंगळवार

सकाळी पुन्हा. वारा नव्हता. सुरवंटाला डिवचले की डोक्यामागून दोन नारिंगी शिंगे काढतो. मी डिवचले नाही. तो आपणहून काढेल म्हणून वाट पाहिली. नाही काढली. व्ह्यूफाइंडरमध्ये हिरव्यामागे विटकरी डाग छान दिसत होता. हिरव्याला विटकरी उठाव देते. कामाक्षीची जुनी सुंगुडी साडी दोरीवर वाळत असावी. मनात म्हटले, काढू नये आता कोणी ती.

कॉफी पुन्हा निवलेली.

संध्याकाळी कामाक्षी ट्रंक काढून बसली. दोन कुकरांपैकी कोणता नेऊ विचारले. मी म्हटले, तुला हवा तो ने. ती म्हणाली, "माहीत होतं."

२३ मार्च, गुरुवार

बाळकृष्णराव तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, येऊन बसले. शेजारचे, पोस्टमास्तर होते. आमच्या बाजूच्या गल्ल्यांत अजून मराठी बोलणारी जी घरे उरली त्यांत त्यांचा आवाज सर्वांत मोठा.

"काय रे मुरली, बायको चालली मदुरैला आणि तू अळ्यांची बारशी करत बसलास?"

"तिची बढती आहे, मामा. तिचा निर्णय."

"अरे, निर्णय तिचा. तुझं काय?"

"माझं काय सांगून तिच्यावर भार कशाला घालायचा?"

"ऐयो!" त्यांनी कपाळावर हात मारला. "आमच्या वेळी बायकोवर नवऱ्याचं ओझंच होतं, ते तिनं उचललं, शिव्या दिल्या, पण नवऱ्याच्या मनात काय आहे हे तरी तिला माहीत होतं. तू तर टपालपेटीच काढून ठेवलीस. थांब म्हण, नाहीतर मी येतो म्हण. काहीतरी एक म्हण की."

आत भांड्यांचा आवाज थांबला होता. मी विषय बदलला. जुन्या पिढीला स्त्रीचे स्वातंत्र्य म्हणजे काय हे समजावणे कठीण.

पण "मी येतो" हे मला कधी सुचलेच नव्हते. नोकरी, पेन्शन, घर. सुचले नव्हते हे लिहून ठेवतो.

२८ मार्च, मंगळवार

रविवारी सकाळीही काही फ्रेम घेतल्या होत्या, आज उरलेल्या. मोठ्या सुरवंटाने देठाला स्वतःला धाग्याने बांधून घेतले आणि कोश केला. रोल संपला. रामस्वामीकडे दिला. तो चार-पाच रोल जमले की मद्रासला पाठवतो. "घाई नका करू सर, मद्रासचं पाणीच सावकाश येतं नळाला."

२ एप्रिल, रविवार

काल युगादी, म्हणजे पाडवा. कडुलिंबाच्या फुलांची आणि गुळाची पच्चडी कामाक्षीने केली, दोघांनी समोरासमोर बसून खाल्ली. ती म्हणाली, गूळ कमी पडला. मला बरोबर वाटला.

आज बसस्टँड. जानेवारीतल्या जागतिक तमिळ परिषदेसाठी रंगवलेल्या भिंतींवर आता निवडणुकीसारखी पत्रके चिकटली आहेत. ट्रंक टपावर चढवली. खिडकीशी उभा राहिलो. ती म्हणाली, "दूधवाल्याला सांगितलं आहे, अर्धा लिटर. गॅस मागच्या आठवड्यात आला आहे." मग काही नाही. मग, बस सुरू झाल्यावर, "सकाळी मागलं दार उघडत जा. नाहीतर स्वयंपाकघरात उजेड येत नाही."

"पोचलीस की बाळकृष्णरावांकडे फोन कर," मी म्हटले.

बस वळेपर्यंत उभा होतो. तिने मागे पाहिले की नाही, काच मळकी होती.

५ एप्रिल, बुधवार

तिचा फोन आला तेव्हा मी कॉलेजात होतो. बाळकृष्णरावांनी सांगितले, "पोचली. खोली बरी आहे. माळ्यावर." आणखी काही म्हणाली का? "तुझी चौकशी केली. मी म्हटलं आहे जिवंत."

८ एप्रिल, शनिवार

कोश फुटून फुलपाखरू निघून गेले. रिकामे टरफल देठाला बांधलेले आहे. मी तेव्हा वर्गात कीटकांचे रूपांतर शिकवत होतो.

कॉफी आता गरम पितो, कारण करतो आणि लगेच पितो. निवायला कोणी ठेवत नाही.

१० एप्रिल, सोमवार

मागले दार उघडायचे राहते.

१३ एप्रिल, गुरुवार

रोल आला. कॉलेज आटोपून घरी आणला. प्रोजेक्टर परत दिलेला, म्हणून स्लाइड खिडकीशी धरून भिंगातून पाहिल्या.

दिवस आला आहे. प्रथमच. सुरवंट धारदार, नेट्टीतून आलेला मऊ उजेड त्याच्या पाठीवर, आणि मागे अंधार नाही. मागे फिकट हिरवे, त्यामागे भिंतीचे पिवळट, दाराची उभी गडद चौकट. आणि चौकटीत विटकरी.

व्ह्यूफाइंडरमध्ये पाहताना भिंगाचे छिद्र पूर्ण उघडे असते, म्हणून मागचे नुसते रंगाचे डाग दिसतात. फोटो घेताना छिद्र बारीक होते, आणि मागचे किंचित आकारास येते. हे मला माहीत आहे. माहीत असूनही तीच स्लाइड पुन्हा पुन्हा खिडकीशी धरली. विटकरी डाग उभा आहे, माणसाच्या उंचीचा. वर एक काळसर गोल. मधोमध, कमरेच्या जरा वर, एक लहान लखलखीत टिकली, स्टीलच्या पेल्यावर ऊन पडावे तशी.

एकोणीस तारखेच्या पाचही फ्रेममध्ये. एकवीसच्या सर्व फ्रेममध्ये. सव्वीसच्या, रविवारच्या, काही फ्रेममध्येही, जरा डावीकडे, चौकटीला टेकून. फ्रेम मी मिनिटा-दोन मिनिटांनी घेतो. पाच फ्रेम म्हणजे पाच-दहा मिनिटे ती तिथेच उभी.

मी बसून राहिलो.

मग शंका आली. हा डाग कामाक्षी आहे, की दोरीवरची साडी? एकवीस तारखेला मीच इथे साडी म्हणून लिहिले आहे. काळा गोल म्हणजे दारावरची काजळी असेल. टिकली म्हणजे कडी. मला जे हवे ते मी पाहतो आहे का? विद्यार्थ्याने असे केले असते तर मी गुण कापले असते.

परसात गेलो. तिपाई त्याच जागी लावली. साडी ती घेऊन गेली आहे, म्हणून दोरीवर विटकरी पलंगपोस टाकला आणि व्ह्यूफाइंडरमधून पाहिले. मग पलंगपोस काढून खुर्चीवर घातला, खुर्ची दारात ठेवली, पाहिले. बराच वेळ हेच करत होतो. बाळकृष्णरावांनी कुंपणावरून विचारले, "कोणाची वाट बघतोस?" मी म्हटले, प्रयोग.

दोन्ही सारखेच दिसतात. स्लाइडवरून काही सिद्ध होत नाही. विचारावेच लागेल, दुसरा मार्ग नाही.

फोनवर हे विचारता येणार नाही. बाळकृष्णराव ऐकतात.

१५ एप्रिल, शनिवार, मदुरै

सकाळच्या बसने आलो. खिशात तीन स्लाइड, तीन सकाळींच्या. कामाक्षी बँकेतून अर्ध्या दिवसाने नुकतीच आली होती. दार उघडून माझ्याकडे पाहिले आणि तिचा चेहरा उतरला.

"कोण गेलं?"

"कोणी नाही. एक विचारायचं होतं."

"पाच तास बसमध्ये बसून? बाळकृष्णमामांकडे फोन आहे की."

खोली लहान आहे. एका खिळ्यावर विटकरी साडी. ती पाहून मला आणखी अवघड झाले. पाणी प्यायलो. मग स्लाइड तिच्या हातात दिली. तिने ती खिडकीपुढे धरली.

"अळी आहे," ती म्हणाली.

"मागे बघ."

तिने डोळे बारीक केले. मी भिंग दिले. ती पाहात राहिली, एक, दुसरी, तिसरी. खाली रस्त्यावर कोणीतरी जिगरठंडा नावाचे थंड दूध विकत घंटा वाजवत होता.

"हे तू आहेस," मी विचारले, "की दोरीवरची साडी?"

"म्हणजे एवढ्यासाठी आलात."

"हो."

"तुम्हांला काय हवं आहे? मी, की साडी?"

मला पळवाट दिसत होती. मला काय हवे ह्याने वस्तुस्थिती बदलत नाही, असे म्हणता आले असते. वाक्य तयारच होते तोंडात. ते गिळले.

"तू," मी म्हटले. मग तेवढ्यावर थांबता येईना. "तू जायला नको होतीस. म्हणजे, मला नको होतं तू जायला. फेब्रुवारीपासून. मी तुला मोकळं ठेवायचं म्हणून बोललो नाही."

ती खिडकीशी तशीच उभी, पाठमोरी. "मोकळं?" ती म्हणाली. "रोज सकाळी कॉफी घेऊन दारात उभी राहायची मी. म्हटलं, आज डोकं वर करतील. आज विचारतील. अळीची पाठ बघून झाली की माझा नंबर येईल. कॉफी निवायची, मग दगडावर ठेवून आत जायची."

"हाक का नाही मारलीस?"

"मी मध्ये येणार नाही, असं म्हणायचं होतं मलाही एकदा."

मग मी विचारले, जे विचारायची सर्वांत भीती होती. "मी बोललो असतो तर राहिली असतीस?"

तिने प्रामाणिकपणे विचार केला, मला दिसले. "नाही. आलेच असते. मला हे काम आवडतं. पण अशी आले नसते."

मग तिने तिन्ही स्लाइड माझ्या हातात परत दिल्या आणि पदराने डोळे पुसून एकदम म्हणाली, "ह्या तीनांतली एक साडी आहे. दोरीवरचीच. त्या दिवशी कंटाळून मी उभी राहिले नव्हते, कॉफी ठेवली आणि आत गेले."

"कुठली?"

"ते सांगणार नाही. बसा शोधत."

२३ एप्रिल, रविवार, तंजावूर

तीन स्लाइड मेजावर आहेत. रोज पाहतो. अजून ओळखता आलेले नाही. प्रकाशकांना चाळीस पाठवल्या, ह्या तीन ठेवल्या.

बदलीसाठी मदुरैतल्या कॉलेजांत चौकशी करावी का? काल अर्ज लिहिला. पाठवलेला नाही. तिला विचारून पाठवीन. नाही, असे नको. पाठवतो आणि तिला सांगतो.

संध्याकाळी बाळकृष्णरावांकडे तिचा फोन आला. पुढच्या आठवड्यात दोन दिवस येते आहे. "फोटो काढणार असलात तर आधी सांगा," ती म्हणाली, "बरी साडी नेसून दारात उभी राहते."

"दारात नको. झाडाच्या पुढे ये."

"पुढे आले तर फ्लॅश डोळ्यांवर येतो."

"नेट्टी लावली आहे ना," मी म्हटले.

पलीकडे बूथमधल्या यंत्राची टिकटिक ऐकू येत होती. मग म्हणाली, "ती भिंत परत लावायची होती तुम्ही. एप्रिलनंतर."

"लावतो. पण फोटो झाल्यावर."

फोन ठेवला. बाळकृष्णराव पेपराच्या आडून म्हणाले, "बोललास एकदाचा."

घरी आलो. दिवस अजून होता. मागले दार उघडले.